देवमाशाचं पोर आणि करडीच्या तेलाचा डबा

आमच्या वस्तीत समुद्र पाह्यलेली मी एकलीच. त्याच्यामुळं गिरणीत गेले, पाण्याला गेले, की बाया धरतात. केवढा हाये सांग ना मावशी. मी सांगते तर म्हणतात, ऱ्हाऊ दे, काही बी फेकती. म्हणून आता एकदाच सगळं सांगून टाकते. मला लिहिणं धड येत न्हाई. साक्षरतेच्या वर्गात सहीपुरतं आणि गाडीवरची पाटी वाचण्यापुरतं शिकले. शोभा, माझी धाकटी लेक, लिहून राह्यली आणि मी बोलून राह्यले. मधी कुठं शहाणपणाचं वाक्य आलं तर ते तिचं समजा.

तर ही शोभा. तिचा नवरा मास्तर हाये. आपल्या इकडच्या लय पोरांना नोकऱ्या कोकणात लागल्या, तशी त्यांना रत्नागिरीच्या पुढं खाडीकाठच्या एका गावात लागली. लग्नाला सहा वर्षं झाल्ती, पोटी काही न्हाई. लोक बोलायचे. मला समोर, तिला मागून. मंग देवानं ऐकलं. सातवा लागला तसं ठरलं, की पोळा झाला की मी जायचं आणि तिला घेऊन यायचं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय कुणी कुणाला सांगायची गोष्ट न्हाई.

कारगिलची लढाई झाली ते मागलं साल. कपाशी कमरेला लागल्ती आणि बोंडअळीनं डोकं वर काढल्तं. वडीगोद्रीपासून आमच्या वस्तीपर्यंत जिकडं पाहावं तिकडं पाठीवर पंप घेतलेला माणूस. आमचं घर रानातच, कपाशी दाराला लागून. वारं फिरलं की फवारा चुलीपर्यंत यायचा. सवय झाल्ती. नाकाला पदर लावायचा आणि भाकर थापायची.

लेकीला न्यायला काय काय बांधलं. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, ओटीचे गहू, खण आणि करडीचं तेल. तिकडं सगळं खोबऱ्याचं, माय, घशाखाली उतरत न्हाई, असा निरोप आल्ता. तेल घाण्यावरून ताजं काढून आणलं. कशात न्यावं? आमच्या मालकांनी माळ्यावरून निळा डबा काढला. कपाशीच्या औषधाचा, पाच लिटरचा. तसे डबे आमच्याकडं कुणाच्या बी घरी मिळतील. कशात रॉकेल, कशात बियाणं, तर कशात पाणी. इतकं पक्कं बूच दुसऱ्या कशाला न्हाई. मी राखेनं घासला, निरम्यानं धुतला, उकळतं पाणी ओतून वाळत टाकला. मंग नाक घालून पाह्यलं, वास बिलकुल न्हाई. वास गेला म्हंजे औषध गेलं, आमची पद्धत हीच.

मालक म्हणाले, "हा गाडीत आडवा पडला तरी थेंब सांडणार न्हाई."

ते बराबर होतं. सांडला न्हाई.

शहागडचा पूल ते आंबा घाट

मालकांनी मला बीडच्या गाडीत बसवून दिलं. शहागडच्या पुलावर गोदावरीत नाणं टाकलं आणि मनात म्हटलं, लेकीला आणि जे असल त्याला सुखरूप घेऊन येऊ दे, परत येताना दुसरं टाकीन. बीडहून कोल्हापूर. तिथं जावई घ्यायला आल्ते. पुढं आंबा घाट. त्या घाटात मला एवढ्या उलट्या झाल्या की शेजारच्या माणसानं खिडकी मला देऊन टाकली. डबा मांडीत गच्च धरला होता. कंडक्टर म्हणाला, आजी, तो डबा खाली ठेवा, तो कुठं पळून जातो. मी म्हटलं, लेकीचा हाये.

घाट उतरलो तशी जमीनच बदलली. लाल माती, आणि सगळीकडं पाणी. भिंतीतून पाणी, दगडातून पाणी. आमच्याकडं हंड्याला हंडा लागतो, भांडणं होतात. इथं पाणी रस्त्यानं मोकाट पळून राह्यलं आणि त्याच्याकडं कुणी पाहत बी न्हाई. मला त्या माणसांचा थोडा राग आला, खरं सांगते.

शोभाचं घर

शोभाची घरमालकीण हलीमाबी, माझ्याच वयाची. तिचा नवरा आणि पोरं होडीवर जायची. मला वाटलं, बरं झालं, आपल्या जुन्या जालन्यातल्या बायांसारखी उर्दू बोलल, तेवढं मला समजतं. पण ती तोंड उघडून जे बोलली त्यातलं मला एक अक्षर कळलं न्हाई. जावई हसले. म्हणाले, आई, इकडले मुसलमान घरी कोकणीच बोलतात. मंग आम्ही दोघी हातवाऱ्यावर आलो. दोन दिवसांत सगळं समजायला लागलं. बायांना कळतं.

शोभा सुजल्ती थोडी, पण तोंडावर तेज होतं. पहिल्या दिवशीच मी गरम भाकर केली, ठेचा केला, वरून करडीच्या तेलाची धार सोडली. पोरगी डोळे मिटून खाऊन राह्यली. बोटं चाटली. दुसऱ्या दिवशी बी तेच मागितलं, सकाळी आणि संध्याकाळी. मी माझ्या ताटात तेल घेतलं न्हाई. म्हटलं, तिला पुरू दे.

समुद्र मी तिसऱ्या दिवशी पाह्यला, कारण पहिले दोन दिवस पाऊस. हलीमाबी घेऊन गेली. आता त्याचं काय सांगू. तुम्ही आपलं रान पाह्यलं ना, मृगाच्या आधी नांगरून ठेवलेलं, लांब आभाळाला टेकलेलं? ते सगळं रान जर हालायला लागलं, ढेकळासकट, आणि आवाज करत तुमच्याकडं यायला लागलं, तर कसं वाटल. तसं. मी तिथंच वाळूत बसले आणि हात जोडले. किती वेळ बसले माहीत न्हाई. चपला काढून बाजूला ठेवल्त्या. उठून पाह्यलं तर पाणी माझ्या चपलांच्या जागेच्या बी अलीकडं आल्तं, चपला गेल्त्या. समुद्र पुढं येतो हे मला कुणी सांगितलंच न्हाई. आमची नदी जागा सोडत न्हाई, पूर आला तरच सोडती.

हलीमाबी पोट धरून हसली. म्हणाली, "बाय, दर्या कुणाचं काय ठेवून घेत नाय. आज ना उद्या काठाला आणून टाकतो."

आणि खरंच, सकाळी एक चप्पल खडकात सापडली. तिकडून जावईबापू सांगत आले, की पलीकडच्या वाळूत देवमासा लागला.

वाळूतलं पोर

शोभाला यायचं होतं. हलीमाबीनं आणि मी दोघींनी न्हाई म्हटलं. पोटुशीनं मेलेलं पाहू नये, हे तिच्याकडं बी हाये आणि आपल्याकडं बी. शोभा रुसली. तिला घरात बसवून आम्ही गेलो.

गाव सगळं तिथं जमल्तं. दोन बैलगाड्या एकामागं एक उभ्या कराव्या एवढा तो. मला वाटलं, हाच देवमासा. तर लोक म्हणाले हे पोर हाये, पिल्लू, अजून अंगावर पिणारं. पोर एवढं. माय केवढी असल, याचा मला मनात हिशोब लागंना.

जवळ गेले. अंग काळं, ओलं, टायरच्या नव्या ट्यूबसारखं. हनुवटीपासून पोटापर्यंत सरळ रेघा, एकीला लागून एक, पाभरीनं पेरणी केल्यावर तास पडतात ना, तशा. एवढे सरळ तास आमच्या मालकांनी बी कधी पाडले न्हाईत. डोळा मात्र म्हशीच्या डोळ्याएवढाच. उघडा होता. त्याच्यात वाळू गेल्ती. मी पदरानं पुसली. कुणी अडवलं न्हाई.

बाया हळद-कुंकू घेऊन आल्त्या. नारळ फुटले. हलीमाबी लांब उभी राहून तोंडातल्या तोंडात काही म्हणून राह्यली होती. मी इचारलं न्हाई, ते तिचं आणि तिच्या देवाचं.

तेवढ्यात कुणीतरी समुद्राकडं हात केला. लांब, पाण्याच्या मधोमध, एक पिचकारी उडाली. बोअरचा पाइप पहिल्यांदा पाणी ओकतो तशी, सरळ वर, पांढरी. मंग शांत. मंग एक काळी पाठ निघाली आणि निघतच राह्यली. संपंच ना. एखादी टेकडी पाण्याखालून कूस बदलून राह्यली असं वाटलं. ती बुडाली, आणि थोडं बाजूला सरकून परत पिचकारी.

एक कोळी म्हणाला, "माय हाये ती. पहाटपासून तितंच फिरतेय. जाईत नाय."

सगळ्यांची तोंडं तिकडं वळली. एवढं मोठं जनावर या जगात हाये, श्वास घेतं, लेकराला पाजतं, आणि लेकरू गेलं तर जागचं हालत न्हाई, हे मला साठी ओलांडल्यावर कळलं.

मॅडम

दुपारी जीपमधून एक बाई आली. कॉलेजातली, समुद्राच्या जनावरांचा अभ्यास करणारी. सगळे तिला मॅडम म्हणत. तिनं पोराला हात लावला, आधी नमस्कार केल्यासारखा, आणि मंग सुरीनं पाठीतून चरबीचा तुकडा काढला. बोटभर कातडी आणि त्याखाली पांढरी जाड चरबी. तो तुकडा बाटलीत घातला. बायांना ते आवडलं न्हाई. मला बी आवडलं न्हाई. मी इचारलं, मेलेल्या लेकराचं असं कशाला कापता?

तिनं राग धरला न्हाई. म्हणाली, हे कशानं गेलं ते शोधायचंय, मावशी. आणि जनावरानं जन्मभर जे विष खाल्लं ते त्याच्या चरबीत लिहिल्यासारखं सापडतं.

मी म्हटलं, समुद्रात कोण विष टाकतं?

मंग तिनं वाळूत माझ्याजवळ बसूनच सांगितलं. कारखान्यातलं येतं, जहाजातलं येतं, आणि शेतातलं बी. रानात मारलेलं पावसानं ओढ्यात, ओढ्यातून नदीत, नदीतून समुद्रात. पाण्यातला बारीक किडा ते थोडं खातो. असे लाख किडे बारका मासा खातो. असे लाख मासे मोठं जनावर खातं. खाल्लेलं बाकी पचतं, पण काही विषं पचत न्हाईत आणि बाहेर बी पडत न्हाईत. ती चरबीत जाऊन बसतात, वर्षानुवर्षं. काहींना त्यानं गर्भ राहत न्हाई. काहींना बारीक आजार बी झेपत न्हाई. सील म्हणून एक जनावर असतं, डॉल्फिन असतात, त्यांचं बी तेच.

मी म्हटलं, आमची गोदावरी तर तिकडं दुसऱ्याच समुद्राला जाती, मंग आमचं इकडं कसं येईल.

"समुद्राला बांध नसतो मावशी," ती म्हणाली. "तो एकच आहे."

आम्ही वितभर बांधासाठी कोर्टात गेलेली माणसं.

मंग तिनं पुढचं सांगितलं. मादीनं जन्मभर साठवलेलं विष कुठं जातं? तिचं दूध खव्यासारखं घट्ट असतं, नुसती चरबी. पोर ते पितं आणि दिवसाला पोतंभर वाढतं. त्या दुधातून ते सगळं पोराच्या अंगात उतरतं. आणि सगळ्यात जास्त पहिल्या पोराला. दुसऱ्या-तिसऱ्याला कमी, कारण मायचं अंग मोकळं झालेलं असतं.

मी इचारलं, हे पहिलं होतं का?

ती म्हणाली, ते नाही सांगता येणार. हे विषानंच गेलं असंही मी म्हणत नाही. तपासल्याशिवाय बोलू नये.

मला सात झाले, चार जगले. पहिला बारशाच्या आधीच गेला, दूध पिता पिता. कशानं ते कुणी सांगितलं न्हाई, मी इचारलं बी न्हाई. तवा इचारायची पद्धत नव्हती. त्या वाळूत मला त्याचं तोंड आठवलं, एवढ्या वर्षांनी.

आणि मंग डबा आठवला.

मी मॅडमला सांगितलं. कपाशीच्या औषधाचा डबा होता, पण राखेनं घासला, निरम्यानं धुतला, उकळतं पाणी घातलं, वास गेला. त्यात तेल आणलं. पोटुशी लेक खाऊन राह्यली.

तिनं हातातली बाटली खाली ठेवली. मंग हळूच म्हणाली, "पाण्यानं ते निघत नाही, मावशी. प्लास्टिकमध्ये मुरतं. आणि तेल घातलं की तेल ते ओढून घेतं. चरबीचं आणि तेलाचं काम सारखंच आहे."

किती दिवस खाल्लं, तिनं इचारलं. तीन दिवस, मी म्हटलं, आज सकाळी बी. ती म्हणाली, आता एक थेंब देऊ नका आणि उद्या दवाखान्यात न्या. घाबरवून सांगितलं न्हाई तिनं. तरी घरी जाईपर्यंत मला वाळू पायाला लागंना.

शोभा दारात बसल्ती. पुढ्यात ताट, भाकर, ठेचा, वर तेलाची पिवळी धार. मी ताट ओढून घेतलं. तिला वाटलं माय देवमासा पाहून वेडी झाली. सांगितलं तसं तिनं पोटावर हात ठेवला आणि काढलाच न्हाई.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईनं पोटाला नळी लावून ऐकलं. ठोके चांगले हायेत म्हणाली. तेवढ्या तेलानं काही झालं न झालं हे तपासायचं मशीन आमच्याकडं न्हाई, ते तेल बंद करा आणि वाट पाहा. बस, एवढंच. वाट पाहा.

डबा घेऊन मी खाडीवर गेले. बूच उघडलं, वाकडा बी केला. पाण्यात बारीक मासळी फिरून राह्यली होती, चमचम. मी बूच लावलं. मंग परसात गेले, तर तिथं हलीमाबीची विहीर. नारळाच्या बुडाशी ओतावं, तर ते खोबरं आम्हीच खाऊन राह्यलो. गटार इचारलं, ती खाडीला जाती. हलीमाबी माझ्या मागं मागं फिरत होती. ती म्हणाली, बाय, इतं सगळं दर्याकडंच उतरतं. शेवटी डबा खाटेखाली ठेवला.

संध्याकाळी परत वाळूत गेले. पोराला पुरायला मोठा खड्डा घेतल्ता. मायची पिचकारी अजून तिथंच उडून राह्यली होती. मी ओटीचे गहू आणि खण आणल्ते. शोभासाठीचे. पाण्यात पाऊल घातलं आणि त्या मायच्या दिशेनं गहू सोडले. खण सोडला न्हाई, तो सुताचा न्हाई, नायलॉनचा होता. मॅडमचं ऐकल्यावर हात धजला न्हाई. दुसऱ्या दिवशी ती दिसली न्हाई.

निरोप

गावातल्या फोनवरून वडीगोद्रीच्या किराणा दुकानात निरोप दिला आणि मालकांना बोलवून घेतलं. म्हटलं, मी पोरीला आणून न्हाई राह्यले. फवारणी चालू हाये, दाराला कपाशी हाये. बाळंतपण इथंच करते.

तिकडून मालक म्हणाले, "लोक म्हणतील, पोरीच्या माहेराला भाकर न्हाई."

मी म्हटलं, म्हणू द्या. भाकर हाये, वारं चांगलं न्हाई.

ते म्हणाले, "एका डब्यापायी?"

मी त्यांना पोर सांगितलं, माय सांगितली, चरबी सांगितली. मालक असं बोलणं ऐकून घेणाऱ्यातले न्हाईत. पण फोन त्यांनी ठेवला न्हाई. मंग म्हणाले, गाय व्यायली. आणि ठेवला.

दिवाळी तिकडंच झाली. भाताचीच सवय लागली, पोट भरल्यासारखं वाटायचं न्हाई पण चालायचं. हलीमाबी रोज येऊन शोभाच्या पोटाला हात लावायची आणि मला मान हलवून दाखवायची. मी रात्रंदिवस एकच मोजायची, पोर पोटात फिरलं का. शोभाला इचारू इचारू तिनं मला एकदा हात जोडले.

मुलगी झाली. डॉक्टरीणबाईनं उलटी धरली, ती रडली. मी हातापायाची बोटं पाह्यली, डोळे पाह्यले, मंग तोंडाला लावली तर ओढून ओढून पिऊन राह्यली. तवा मी पहिल्यांदा बाहेर जाऊन बसले आणि रडले. पुढं काय हाये ते मला ठाऊक न्हाई. चांगली हाये, एवढं ठाऊक हाये.

परत

सवा महिना करून मी निघाले. डबा मांडीवर होता, तेलासकट. जावई म्हणाले, आई, इथंच ऱ्हाऊ द्या, मी बघतो काय करायचं ते. मी म्हटलं, आमचा हाये, आमच्याकडं जाऊ द्या.

शहागडचा पूल आला. गाडीतल्या बायांनी नाणी टाकली. मी कबूल केलेलं दुसरं नाणं टाकलं. शेजारची बाई डब्याकडं पाहून म्हणाली, मावशी, प्रसादाचं काही असल तर सोडा की गंगेला. मी म्हटलं, न्हाई बाई, हे सोडायचं न्हाई.

घरी आले. मालकांनी डबा पाह्यला, उचलला, वजन कळलं. आत जाऊन चहा ठेवला, जे त्यांनी लग्न झाल्यापासून केलं नव्हतं.

आता उन्हाळ्याच्या सुट्टीत शोभा नातीला घेऊन आली. रान मोकळं हाये, वारं चांगलं हाये. ती यायच्या दोन दिवस आधी मी विहिरीवरून आले तर अंगणात निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या डब्यांची रांग. रॉकेलचा, बियाण्याचा, पाण्याचा, पोत्याखालचा, गोठ्यातला, सगळे. मालकांनी एकेक करून घरातून काढल्ते. मी आणलेला डबा सगळ्यात पुढं. ते रांगेच्या कडेला उकिडवे बसल्ते, डोक्याचा पटका सोडून.

म्हणाले, "काढले तर खरं. आता हे टाकायचे कुठं?"

मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "ते इचारतच तर मी समुद्रापासून परत आले."